शार्दूलविक्रीडितात न बसलेली विहीण

श्रीरंग वडवणीकर सरांना कविता आवडत नसे. त्यांच्या कानावर हे वाक्य गेलं तर ते चवताळून उठतील. आयुष्यभर त्यांनी मराठी शिकवली, शहरातल्या निम्म्या काव्यस्पर्धांना ते परीक्षक म्हणून गेले, वृत्तांची लक्षणं त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता येत. पण कविता आवडणं वेगळं आणि ती मोजायला आवडणं वेगळं, आणि सरांना दुसरंच यायचं. कवीला काय म्हणायचंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. ओळीत कुठलं अक्षर लघु, कुठलं गुरू, यमक कुठं घसरलं, यती कुठं मोडला, एवढं पाहायचं आणि कागद बाजूला सारायचा. सोनाराकडं मंगळसूत्र न्यावं आणि त्यानं ते फक्त तराजूत टाकून परत द्यावं, तसला सगळा प्रकार.

निवृत्तीनंतर तर त्यांच्या या खोडीला ऊतच आला. क्रांती चौकात सिग्नलला स्कूटर थांबली की समोरच्या फलकावरच्या वाढदिवसाच्या चारोळ्या ते मोठ्यानं म्हणून दाखवत आणि शेजारच्या रिक्षावाल्याला सांगत की या दादांचं यमक लंगडं आहे. रिक्षावाला बिचारा मान डोलवायचा, कारण सिग्नल सुटेपर्यंत त्यालाही पळायला जागा नसायची. सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिराती असत. त्यातल्या ओळींवर ते तुटून पडत. एकदा तर जाहिरातीखालच्या नंबरावर फोन लावून त्यांनी एका बाईला कळवलं की तुमच्या यजमानांवरच्या कवितेत तिसऱ्या ओळीत दोन मात्रा जास्त झाल्या आहेत. बाई रडायला लागली. सरांनी फोन ठेवला आणि बायकोला म्हणाले, चूक दाखवलेली लोकांना सोसत नाही.

बायको म्हणजे सरोजिनीबाई. त्या बँकेत नोकरीला होत्या, घर त्यांनीच चालवलं, आणि नवऱ्याच्या या उद्योगांकडं त्या पंख्याच्या आवाजाकडं पाहावं तसं पाहत. तो असतोच.

या जोडप्याची एकुलती एक मुलगी स्वरदा. चितेगावच्या एका कंपनीत इंजिनिअर. तिथंच काम करणारा विश्वजीत नरवडे तिनं स्वतः पसंत केला आणि घरी येऊन सांगितलं. मुलगा पाचोडचा, घरची मोसंबीची बाग, वडील बन्सीराव शेती पाहणारे, आई दोन वर्षांपूर्वी वारलेली. सरांनी लग्नाला हरकत घेतली नाही. मी जातपात मानत नाही, असं ते चारचौघांत छाती पुढं काढून सांगत. फक्त लगेच जोडून सांगत की मुलगा ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो, तेवढं कानाला खुपतं. जात मानायची लाज वाटायला लागली की माणसाला उच्चार सापडतात, त्यातलंच हे.

लग्न ठरल्यावर बन्सीराव एकदा मोसंबीची पोती घेऊन शहरात आले. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, आवाज मोकळा. गावाकडं कुणाचंही लग्न असो, अंतरपाट धरला की मंगलाष्टकं म्हणायला माईक बन्सीरावांच्याच हातात जायचा. नवरा-नवरीची, आईबापांची, आजोबा-पणजोबांची नावं गुंफून ते कडवी रचत आणि चालीवर ठोकून म्हणत. आता स्वतःच्या लेकाचं लग्न होतं, तेव्हा त्यांनी नवीन कडवी रचली होती. लिहून नव्हती, तोंडपाठ होती. सरांच्या दिवाणखान्यात उभं राहून, डोळे मिटून, त्यांनी ती म्हटली. खालच्या मजल्यावरचे लोक खिडकीत आले.

चौथ्या कडव्यात एक ओळ होती:

आवडाबाई मायेची सावली, वरुन टाकी अक्षदा लेकरा

बन्सीरावांनी ‘शुभ मंगल सावधान’पर्यंत सगळं पूर्ण केलं. मग खाली बसून पाणी प्यायले आणि सरांना म्हणाले, “सर, म्या काय शिकल्याला मानूस नाय. तुमी एकदा नजर घाला. चुकलं-माकलं तुमच्या मनानं बदला. फकस्त तिचं नाव तेवढं ऱ्हाऊ द्या. लेकाच्या लग्नात आपलं नाव माईकवर यावं, ह्याची लई हौस व्हती तिला. दुखण्यात पडली तवा बी तेच म्हनायची.”

आवडाबाई म्हणजे त्यांची वारलेली बायको, विश्वजीतची आई. एवढं मागणं होतं त्या माणसाचं. त्याला मानपान नको होता, आहेर नको होता, नाव यायला हवं होतं.

सरांच्या जागी दुसरा कुणीही असता तर त्यानं ‘वा’ म्हटलं असतं. सरांनी चष्मा चढवला आणि व्याह्यांना शिकवणी सुरू केली. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात असतं, असं त्यांनी सांगितलं. एका ओळीत एकोणीस अक्षरं. म्हणजे एकोणीस खुर्च्यांची रांग समजा, काही उंच, काही बुटक्या. उंचीवर गुरू अक्षर बसतं, बुटकीवर लघु, आणि कुठली खुर्ची कुठं हे हजार वर्षांपूर्वी ठरून गेलंय. सुरुवातीच्या तिन्ही खुर्च्या उंच. आणि तुम्ही काय केलंत? ‘आ’ ठीक बसला, लगेच दुसऱ्या उंच खुर्चीवर ‘व’ नावाचं पोर नेऊन बसवलंत. ओळ दुसऱ्याच अक्षराला मेली. शिवाय ‘अक्षदा’ नाही, अक्षता. शेवटची सात अक्षरं, ‘की अक्षदा लेकरा’, तेवढी नियमात आहेत. चुकून.

स्वरदा कोपऱ्यात बसून मान खाली घालून ऐकत होती. सरोजिनीबाई आत जाऊन उगाच भांडी वाजवत राहिल्या. बन्सीराव मात्र हसले. म्हणाले, म्हंजी सात तरी पास झाली की. सरांना वाटलं, गड्याला अपमानसुद्धा कळत नाही. अपमान चांगला कळला होता. पण समोर सुनेचा बाप होता, म्हणून तो माणूस हसला होता. हे सरांना कळण्याचं कारण नव्हतं, कारण हसण्याला मात्रा नसतात.

विश्वजीतनं कडवी फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवली आणि सर कामाला लागले. पहिली तीन कडवी त्यांनी धुऊन, पिळून, दोरीवर टाकली. गावची बोली गेली, मोसंबीची बाग गेली, तिच्या जागी ‘उद्यान’ आलं. पाचोडचं ‘सुग्राम’ झालं. चौथ्या कडव्यापाशी गाडी अडली.

नाव बसेना. ‘आवडाबाई’ हे पाच अक्षरांचं नाव: गुरू, लघु, मग लागोपाठ तीन गुरू. शार्दूलविक्रीडिताच्या सगळ्या रांगेत असा क्रम कुठंच येत नाही. ओळ पुढून धरा, मागून धरा, यतीच्या अलीकडं बसवा, पलीकडं बसवा, बाई खुर्चीवरून उठून उभ्याच राहत. सरांनी इतर वृत्तं तपासली. भुजंगप्रयात, मालिनी, मंदाक्रांता, वसंततिलका. कुठंच थारा नाही. हे त्यांनी ज्या समाधानानं बायकोला सांगितलं, ते पाहून एखाद्याला वाटलं असतं की आवडाबाईंनी आईबापांकडून हे नाव मुद्दाम वृत्तांचा अवमान करायला घेतलं होतं.

‘बाई’ काढून नुसतं ‘आवडा’ ठेवलं तर ओळीच्या शेवटी अगदी चपखल बसत होतं. हेही त्यांना सापडलं होतं. पण विहीणबाईंना, त्यातून गेलेल्या बाईंना, नुसतं ‘आवडा’ म्हणायचं? ते असभ्य दिसेल. सरांना सभ्यतेची आठवण कधी येईल याचा नेम नसे.

सरोजिनीबाई म्हणाल्या, मग एक ओळ बिघडू द्या की. गाणाऱ्यानं जरा पटकन म्हटलं की काही कळत नाही, सगळे तसंच म्हणतात. सरांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की जणू त्यांनी मुलीला मुंडावळ्यांशिवाय बोहल्यावर चढवायला सांगितलं होतं. सगळे तसंच म्हणतात, हेच तर दुखणं. आणि खरं कारण वेगळंच होतं. लग्नाला सरांचे जुने सहकारी येणार होते, सगळे मराठीचे निवृत्त मास्तर, ज्यांच्या चुका सरांनी तीस वर्षं स्टाफरूममध्ये चहाबरोबर चघळल्या होत्या. वडवणीकरांच्या मांडवात वृत्तभंग झाला, हे त्या मंडळींना मरेपर्यंत पुरलं असतं. मेलेल्या बाईच्या हौसेपुढं या चार म्हाताऱ्यांचं हसणं सरांना जड वाटलं. म्हणजे माप घेता येत नव्हतं असं नाही, घेतलं आणि चुकीचं घेतलं.

शेवटी ओळ झाली ती अशी:

माता ती वरुनी सदैव बघते, टाकून ही अक्षता

मोजून पाहा, एक अक्षर हलणार नाही. आणि अर्थही असा की जगातल्या कुठल्याही मेलेल्या आईला लावून टाका. टोपीवाल्याच्या दुकानात टांगलेल्या तयार टोप्यांसारखी ओळ, ज्याच्या डोक्यावर बसेल त्याची.

सरांनी हे नवं रूप बन्सीरावांना पाठवलं नाही. पाठवलं असतं तर विचारणा झाली असती. लग्नातच ऐका, असा निरोप दिला. स्वरदानं मात्र थेट विचारलं, बाबा, विश्वजीतच्या आईंचं नाव आहे ना? सर म्हणाले, आईंची ओळ आहे. आयुष्यभर शब्दांची काटेकोर चिकित्सा करणारा माणूस खोटं बोलतो तेव्हा असं बोलतो. स्वरदाला घाई होती. तिनं ‘आहे’ एवढंच ऐकलं.

लग्न पैठण रोडवर, चितेगावच्या पुढं एका लॉन्सवर होतं. पाचोडकडून माणसं ट्रॅव्हल्स भरून आली होती. अंतरपाट धरला, भटजींनी त्यांची कडवी म्हटली आणि माईक बन्सीरावांपुढं आला. त्यांनी तो घेतला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की आज मी म्हणणार नाही, सरांनी सुधारून दिलंय, सरच म्हणतील. गावच्या मंडळींत कुजबुज झाली. बन्सीनं माईक सोडला, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

सरांनी माईक घेतला. आवाज कोरडा, चाल हजेरी घेतल्यासारखी. लोक अक्षता हातात धरून कधी ‘सावधान’ येतं याची वाट पाहत होते, आणि मागच्या रांगेतली पोरं तर मधेच टाकून मोकळी झाली. बन्सीराव व्यासपीठाच्या पायरीपाशी टोपी काढून उभे होते. चौथं कडवं सुरू झालं तसे त्यांनी डोळे मिटले. ‘माता ती’ आलं, ‘बघते’ आलं, ‘अक्षता’ आलं, ‘सावधान’ आलं. चहूकडून तांदूळ उडाले. बन्सीरावांनी डोळे उघडले आणि ऐकायचं आपल्याकडूनच राहिलं की काय, अशा नजरेनं शेजारच्या माणसाकडं पाहिलं. अंतरपाटामागं स्वरदानं मान वर केली. बापाकडं तिनं जसं पाहिलं, ते सरांना दिसलं. पण पाचवं कडवं उरलं होतं, आणि ते त्यांनी एकही मात्रा न हलवता पुरं केलं.

खाली उतरताच जुन्या सहकाऱ्यांनी गाठलं. एकानं हात धरला आणि म्हणाला, “क्या बात है सर, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.” सर फुलले. तेवढ्यात बन्सीराव आले. मास्तर लोकांना नमस्कार करून त्यांनी हळूच विचारलं की चौथ्यात तिचं नाव होतं ना, माझ्याच ध्यानात आलं नाही का.

“बसत नव्हतं हो,” सर म्हणाले. “पुष्कळ प्रयत्न केला. नुसतं ‘आवडा’ बसत होतं, पण विहीणबाईंना तसं कसं म्हणायचं? ते बरं दिसलं नसतं.”

बन्सीरावांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली. “आवडाच म्हनायचो आमी,” ते म्हणाले. “अख्खं गाव आवडाच म्हनायचं. ‘बाई’ तर दवाखान्याच्या पाटीवर लागलं तिच्या नावाला. येक फोन करायचा व्हता, सर.”

एवढं बोलून ते पंगतीची व्यवस्था पाहायला गेले. मास्तर मंडळी पांगायला लागली. एकाला एकाएकी मठ्ठ्याची आठवण झाली, दुसऱ्याला चपलांची. सर एकटे उभे राहिले. एक फोन. अनोळखी विधवेला तिच्या मात्रा कळवायला जो हात झटकन फोनकडं गेला होता, तो व्याह्याला विचारायला गेला नव्हता. विचारायचं असतं हेच त्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्याला सांगायचं तेवढं ठाऊक होतं.

जेवणाच्या वेळी नवरा-नवरीच्या ताटाभोवती बायकांनी घोळका केला. घास भरवायचा, मग नाव घ्यायचं. उखाणा म्हणजे सरांच्या लेखी कवितेच्या उंबऱ्याबाहेरची वस्तू. त्यात ना लघु ना गुरू, शेवटी दोन शब्द एकमेकांवर आपटले की टाळ्या. स्वरदाला ते लहानपणापासून माहीत होतं. बापानं तिला पाढ्यांच्या आधी गण शिकवले होते. मांडवातल्या कुणाहीपेक्षा तिला वृत्त जास्त कळत होतं. तिनं घास हातात धरला, मान वळवून सर बसले होते तिकडं पाहिलं आणि म्हणाली:

मोसंबीच्या बागेला पाण्याची आली बारी,
विश्वजीतचं नाव घेते आवडाबाईंच्या दारी.

बायका ओरडल्या. पाचोडच्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावायला लागल्या. बन्सीराव भाजीची बादली घेऊन वाढत होते, ते तिथंच थांबले. बादली खाली ठेवली. म्हणाले, “पुन्यांदा म्हन, पोरी.”

स्वरदानं पुन्हा म्हटलं, या खेपेला जरा सावकाश. कुणीतरी मधल्या मंडपातून माईक आणून तिच्यापुढं धरला, तेव्हा तिनं तिसऱ्यांदाही म्हटलं. आवडाबाईंचं नाव लॉन्सच्या चारी कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून पैठण रोडवर गेलं. बन्सीरावांनी बादली उचलली आणि पुढच्या पंगतीला वाढायला लागले. सरांशी ते नंतरही चांगलंच बोलले. निघताना गाडीत मोसंबीची पाटी ठेवली. स्वरदा पाया पडली ती आधी आईच्या पडली आणि तिलाच बिलगून रडली. बापाच्या पायाला तिनं हात लावला, पण वर पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडी सरोजिनीबाई चालवत होत्या. सर शेजारी बसले होते. बरंच अंतर त्यांनी वाटेतल्या एकाही फलकाचं यमक तपासलं नाही, म्हणजे त्यांना काहीतरी टोचत होतं, असं कुणालाही वाटलं असतं. सरोजिनीबाईंनाही वाटलं. माणूस म्हातारपणी तरी पाघळतो, असं त्यांच्या मनात आलंही असेल. मग सर म्हणाले की स्वरदाचा उखाणा ऐकला ना, दुसरी ओळ पहिलीपेक्षा लांब झाली होती, एवढं शिकवून शेवटी हे.

सरोजिनीबाईंनी समोरच्या ट्रकला ओलांडलं, गाडी पुन्हा डावीकडं घेतली आणि मगच बोलल्या.

“आपल्या लग्नात तुम्हाला सगळ्यांनी नाव घ्यायला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, असल्या यमकजुळणीत मी बायकोचं नाव घालणार नाही. मला तेव्हा अभिमान वाटला. म्हटलं, शिकलेला माणूस आहे, मोठ्या वृत्तात घेईल. मी किती वर्षं वाट पाहिली, वेडी.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “विहीणबाईंचं नाव बसत नव्हतं, मानलं. माझं कुठल्या वृत्तात बसत नव्हतं, तेवढं सांगा.”

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तयार असायचंच त्यांच्याकडं. स, रो, जि, नी. लघु, गुरू, लघु, गुरू. त्यांनी मनात रांग मांडली आणि नाव पाचव्या खुर्चीपासून आठव्यापर्यंत जाऊन नीट बसलं, जराही अवघडलं नाही. शार्दूलविक्रीडितात बसत होतं, इतरही कितीतरी ठिकाणी बसलं असतं. हे त्यांना आज, चितेगावच्या कारखान्यांसमोरून जाताना, पहिल्यांदा कळलं, कारण आजवर त्यांनी ते कधी बसवूनच पाहिलं नव्हतं.